आक्काच्या गुडघ्याइतका फूटबोर्ड

प्रत्येक गॅरेजात एक पत्र्याचा डबा असतो. कुठलीही गाडी खोलून पुन्हा जोडली की दोन-चार नटबोल्ट हटकून उरतात. गाडी तर झकास चालत असते, मग हे कुठले, असं म्हणत ते त्या डब्यात टाकायचे. किस्स्यांचंही तसंच होतं. गिऱ्हाईक गाडी घेऊन जातं आणि किस्सा आमच्याकडं उरतो. आमचा डबा आता इतका भरलाय की झाकण लागत नाही. चहाला कुणी आलं की मी त्यात हात घालतो आणि जो लागेल तो सांगतो. आज हात घातला तर सगळे बापूच्या गाडीचेच निघाले.

आमचं गॅरेज रहिमतपुरात. दोघांची भागी. सुभेदार इंजिनाचं बघतात आणि लोकांच्या चुकांचं बघतात. मी पत्रा आणि वेल्डिंग. सुभेदारांचं खरं नाव गावात फारसं कुणाला माहीत नाही. फौजेत गाड्या दुरुस्त करता करता सुभेदार झाले, पेन्शनीत येऊनही बरीच वर्षं झाली, तरी सकाळी शटर वर जाताना अजून सावधान उभे राहतात. शटर कोण वर करतं हे सांगायला नकोच.

बापू हा त्यांचा फौजेतला ड्रायव्हर. कवठे महांकाळकडचा, मेंढपाळ घरातला. हवालदार होऊन घरी आला. सुभेदार त्याला अजून 'गड्या' म्हणतात आणि तो त्यांना 'साहेब'. तर या बापूनं एक जुनी मोटार बनवून घेतली आणि फूटबोर्ड, म्हणजे दाराखाली चढायला असतात त्या फळ्या, बसवायला आमच्याकडं आणली.

*

मोटार आली ती टेंपोवर बसून. गोल गोल मडगार्डं, बाहेर आलेले मोठे दिवे, काळा रंग. वरची बॉडी कुठल्याशा भंगारातली, खालची चासी जीपची, इंजिन डिझेलचं. सांगलीतल्या एका मिस्त्रीनं सगळं जुळवलं होतं, फक्त फूटबोर्ड राहिले होते. त्याला कारण होतं. बॉडी रुंद आणि चासी अरुंद, त्यामुळं ज्यांवर फूटबोर्ड टेकतो ते लोखंडी हात कुठंच पोचेनात. त्यांना आम्ही ब्रॅकेट म्हणतो. ती नवीनच करायला हवी होती.

गाडी टेंपोवरून खाली उतरते न उतरते तोच समोरचा टपरीवाला पुढं आला.

"वरातीला देता का?"

आमच्याकडं जुनी मोटार दिसली की लोकांना दुसरं काही सुचत नाही. इंजिन चालू होतं का हेसुद्धा कुणी विचारत नाही. बापू म्हणाला, "एकाच मान्सासाठी केलीया. आन् त्येच मानूस बसत न्हाई."

चहा पिताना सगळं कळलं. ते माणूस म्हणजे आक्का, बापूची थोरली बहीण. लवकर विधवा होऊन माहेरी आली आणि आयुष्यभर मेंढरांमागं पार म्हसवडपर्यंत चालली. त्या मेंढरांवर बापू शिकला आणि फौजेत गेला. पुढं आक्काचे गुडघे गेले. ती गुडघ्यांसाठी दवाखान्यात असताना बापूनं सगळी मेंढरं विकून टाकली. तिला न विचारता! त्या पैशात ही मोटार केली. त्याचा हिशेब सरळ होता: जन्मभर चालली, आता बसून फिरेल. आक्का घरी आली तर मेंढरांचं वाडगं रिकामं आणि दारात काळी मोटार.

"काय म्हनली?" सुभेदारांनी विचारलं.

"म्हनली, मेंढरं इकून गाडी केलीस, आता मी मेंढरांवर बसू व्हय? आन् म्हनली, लय उच्ची हाय, माजा पाय जात न्हाई."

सुभेदारांनी कप खाली ठेवला. "दोन कारनं दिसत्यात. मेंढरांचं आपल्या हातात न्हाई. गुडघ्याचं हाय. चला, कामाला लागा."

बापू हसला खरा, पण मला त्याचं तोंड बघवलं नाही.

*

आता फूटबोर्ड किती उंचीवर बसवायचा? आक्काचा पाय किती वर जातो, ते कळल्याशिवाय ब्रॅकेटची लांबी ठरेना. तिला विचारायची सोय नव्हती. गाडीचा विषय काढला की ती उठून आत जायची. सुभेदारांनी बापूला हुकूम केला, "मापं घिऊन ये."

चार दिवसांनी बापू एसटीनं आला. खांद्याला जाड पिशवी. पिशवीतून त्यानं दोन विटा काढल्या आणि टेबलावर ठेवल्या.

झालं असं होतं की त्यानं स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी आधी एक वीट ठेवली. आक्का चढून गेली. दुसऱ्या दिवशी वर दुसरी ठेवली. चौकटीला धरून का होईना, चढली. तिसरी ठेवली तेव्हा ती थांबली. "कोन मेलं हितं इटा रचतंय?" असं ओरडून पुढच्या दारानं घरात गेली. म्हणजे माप दोन विटा.

सुभेदारांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आरं, तुज्या घरात टेप न्हाई व्हय? मोजून आकडा सांगायचा की फोनवर!"

"टेप हाय की, साहेब," बापू शांतपणे म्हणाला. "पर आक्का इटंवर चढली, टेपवर न्हाई."

त्यावर मी म्हटलं, निदान विटा तरी इथल्या घेतल्या असत्या, रहिमतपुरात काय विटांचा दुष्काळ आहे? तर म्हणाला, "आमच्याकडची ईट बारीक असती. तुमच्या इटांवर आक्का अडकायची."

मी त्या दोन विटा गाडीच्या दाराखाली ठेवल्या आणि खडूनं रेघ मारली. सुभेदारांनी मागून येऊन टेप लावला, आकडा वाचला आणि कुणाला सांगितला नाही.

*

पहिली ब्रॅकेट मी पट्टी वाकवून केली. दिसायला सुबक. सुभेदार फूटबोर्डावर उभे राहिले आणि तो हळूच खाली गेला. मोडला नाही, नुसता मान खाली घातल्यासारखा झाला. सुभेदार तसेच उभे राहून म्हणाले, "म्हातारं मानूस हाय. पाय ठिवल्याव हाललं की ती परत पाय ठिवायची न्हाई."

हे मात्र खरं होतं. मग मी जाड अँगल घेतला, चासीपासून बाहेर काढला आणि खालून तिरका टेकू दिला. आता हत्ती उभा राहिला तरी हलणार नाही, असं मी म्हणालो. असं बोलायचं नसतं सुभेदारांसमोर.

आमच्या मागच्या गल्लीत तालीम आहे. सुभेदार गेले आणि वस्तादांसकट पाच पैलवान घेऊन आले. अंगाला माती, लंगोटावर टॉवेल. सगळे ओळीनं एकाच फूटबोर्डावर चढले. मी श्वास धरून खाली वाकून बघत होतो. ब्रॅकेट जागची हलली नाहीत. गाडी मात्र सगळीच्या सगळी त्या अंगाला अशी कलली की पलीकडच्या बाजूला उभा असलेला बापू दोन पावलं मागं सरला.

"उड्या मारा," सुभेदार म्हणाले. पैलवानांनी उड्याही मारल्या.

एवढं झाल्यावर वस्ताद खाली उतरले आणि टॉवेलनं मान पुसत बापूला म्हणाले, "आवं पावनं, आक्का केवढ्या हायत तुमच्या?"

बापूनं आपल्या छातीपाशी हात धरला. "हितवर लागती. आन् वाळकी हाय. वारं सुटलं तर घोंगडं धरून बसाय लागतं तिला."

पाचही पैलवानांनी सुभेदारांकडं बघितलं. सुभेदारांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. "फौजेत लोड जरा जास्तीच धरत्यात," ते म्हणाले.

तालमीतली पोरं अजून आमच्या गॅरेजला आक्काचं गॅरेज म्हणतात.

*

ब्रॅकेट झाली, मग फूटबोर्ड पक्के करायचे. आत माणूस बसलं की स्प्रिंगा दबतात आणि गाडी खाली जाते, तेव्हा माप रिकाम्या गाडीवर घ्यायचं नाही, असं सुभेदारांचं म्हणणं. त्यांनी बापूला मागच्या सीटवर बसवलं आणि हलू नकोस म्हणून बजावलं. बापू मांडीवर हात ठेवून नवरदेवासारखा बसला. मखमली सीट होती, त्याला काही त्रास नव्हता.

मी विटा पुन्हा लावून नवी रेघ मारली, दोन्ही बाजूंचे फूटबोर्ड तिच्यावर घेतले आणि बोल्ट आवळले. आक्काचा पाय घसरू नये म्हणून वर जाड रबर लावलं, चांगलं टिकल्या-टिकल्यांचं. हात झाडले. म्हटलं, "ये बापू, बघ."

दार उघडेना. रबर इतकं जाड की दाराची खालची कड त्यात अडकली. पलीकडचं उघडायला गेलो, तेही तसंच. काचा अर्ध्यावर येऊन थांबायच्या, म्हणजे खिडकीतूनही बाहेर पडता येईना. पुढची सीट फळी आणि वर जाळी लावून मागच्या भागापासून बंद केलेली, जुन्या साहेबी मोटारीसारखी. बापू आत, आम्ही बाहेर.

आता सगळे बोल्ट पुन्हा सोडवायचे, म्हणजे वेळ जाणार. बापूनं कुरकुर केली नाही. अर्ध्या काचेतून हात बाहेर काढून म्हणाला, "सावकाश करा. च्या तेवढा हितंच द्या." टपरीवाल्यानं चहा दिला, वर खारी दिली.

तेवढ्यात एक ओळखीचे मास्तर स्कूटरला हवा भरायला आले. गाडीभोवती फिरले, आत डोकावले आणि दचकले. हळूच सुभेदारांना विचारलं, "आत कोण बसलंय?"

सुभेदार गाडीखाली होते. तिथूनच म्हणाले, "लोड हाय त्यो."

मास्तरांनी आत बघून नमस्कार केला. बापूनंही खारी धरलेल्या हातानं केला.

*

एक मंडपवाला सांगलीहून आला. गाडीची बातमी कुठून त्याच्या कानावर गेली देव जाणे. आमच्या भागातल्या वराती तुम्हाला माहीत आहेत. नवरानवरी आत बसणार, एका फूटबोर्डावर नवऱ्याचा मामा उभा, दुसऱ्यावर नवरीचा. फूटबोर्ड नसलेली गाडी कितीही देखणी असली तरी मामामंडळी रुसतात. मंडपवाल्यानं वाकून माझी ब्रॅकेट बघितली, हातानं ठोकली आणि खूश झाला. "दोन्ही मामा राहतील की आरामात!"

मी सांगितलं, मालक देणार नाही. आधी त्याची बहीण बसणार, मग पुढचं. पण तो चिवट निघाला. बापूचा पत्ता काढून थेट घरी गेला. बापू घरी नव्हता. आक्का दारात तूर पाखडत बसली होती.

मंडपवाल्यानं तिला अर्धा तास समजावलं. हार घालू, फुलं लावू, गाडीला ओरखडा येऊ देणार नाही, संध्याकाळी नेऊ आणि सकाळी आणून लावू. आक्कानं सगळं ऐकून घेतलं. सुपातली तूर एकदा उडवली.

"न्या की," म्हणाली. "पर आनून लावायचा तरास घिऊ नगा."

हे बापूनंच आम्हाला फोनवर सांगितलं. आम्ही दोघं पोट धरून हसलो. पलीकडं बापू हसत नव्हता, ते सुभेदारांच्या ध्यानात आलं आणि ते म्हणाले, "गड्या, आईतवारी गाडी न्यायला ये. आमीबी येतो संगं."

*

बापू आदल्या दिवशीच आला, तेव्हा न्यायच्या आधी गाडी रस्त्यावर फिरवून बघायचं ठरलं. रबर पातळ लावलं होतं, दारं उघडत होती, सगळं जागेवर होतं. पण खड्डा आला की उजवीकडून कडकड आवाज यायचा. फूटबोर्डाखालून कुठूनतरी. थांबून बघितलं की सगळं घट्ट.

"आक्काला आवाज आला तर म्हनंल मोडली," बापू म्हणाला. त्या दिवसांत तो प्रत्येक गोष्ट आक्काच्या कानानं ऐकत होता.

सुभेदारांनी उपाय काढला. टोपी काढून मला दिली आणि उजव्या फूटबोर्डावर आडवे झाले. कान खाली ब्रॅकेटला लावला, एक हात दाराच्या मुठीला. वारं डोळ्यात जाऊ नये म्हणून बापूचं पांढरं उपरणं तोंडावर घेतलं. "चल. अगदी हळू."

बापूनं गाडी कोरेगाव रस्त्याला घातली. माणूस चालेल त्या वेगानं. मी दुसऱ्या फूटबोर्डावर उभा, हातात टोपी. मधेच सुभेदार हात वर करून थांब म्हणायचे, पुन्हा चल म्हणायचे. रस्त्याकडेला ऊसतोड चालली होती. एक म्हातारबुवा बांधावर बसले होते. काळी मोटार, पांढरं कापड तोंडावर घेऊन आडवा झालेला माणूस, बाजूला डोकं उघडं करून उभा असलेला मी. ते उठले. पटका काढला आणि हात जोडले. त्यांचं बघून तोडीवरची दोन-चार माणसंही कोयते खाली ठेवून उभी राहिली.

गाडी नेमकी त्यांच्यासमोर थांबली, कारण सुभेदारांना आवाज सापडला होता. एका बोल्टाखाली वायसर, म्हणजे चकती, घालायचा राहिला होता, बाकी काही नाही. त्यांनी उपरणं बाजूला केलं आणि पडल्या पडल्या म्हातारबुवांकडं बघितलं.

"जिता हाय मी," ते म्हणाले. "जुन्या टूबचा तुकडा हाय का तुमच्याकडं?"

म्हातारबुवांनी पटका परत डोक्याला गुंडाळला आणि विहिरीच्या जुन्या पंपावरचा ट्यूबचा तुकडा कापून आणून दिला. तो वायसरच्या जागी अजून आहे.

*

रविवारी आम्ही तिघं कवठे महांकाळकडं निघालो. बापू गाडी चालवत होता आणि वाटेतला एकेक खड्डा चुकवत होता.

आक्का दारातच होती. खरोखरच एवढीशी, काठी घेऊन बसलेली. आम्हाला पाणी दिलं, चहा दिला, भाकरी खाऊनच जा म्हणाली. सुभेदारांना फौजेतल्या बापूच्या खोड्या विचारल्या. गाडी समोर उभी होती, पण तिकडं तिनं बघितलं नाही. शेवटी सुभेदारच उठले. "आक्का, एकदा पाय तर ठिवून बघा. आमी दोगांनी लय मेहनत घेतलीया."

ती उठली. गाडीपाशी गेली, काठीनं फूटबोर्ड दोनदा ठोकला. मग काठी माझ्या हातात दिली, दाराला धरलं आणि एक पाय वर ठेवला. दुसरा ठेवला. फूटबोर्ड हलला नाही. ती तशीच उभी राहून आतली सीट बघत राहिली आणि खाली उतरली.

"पाय पोचतोया," मला म्हणाली. "चांगलं केलंसा."

मला इतका आनंद कुठल्याच कामाचा झाला नव्हता.

"मग बस की, आक्का," बापू म्हणाला.

"गुडघ्याचं झालं," आक्का म्हणाली. "मेंढरांचं काय?"

बापूनं मान खाली घातली. फौजेतला गडी, मिशा पांढऱ्या झालेला, पोरासारखा उभा होता. "चुकलं माजं," म्हणाला. "तुला इचाराय पायजे हुतं. मला वाटलं, तू नगं म्हनशील."

"म्हनलीच असती," आक्का म्हणाली. माझ्या हातातून काठी घेतली आणि घराच्या मागं निघून गेली.

संपलं, असं मला वाटलं. सुभेदार उगाच ब्रॅकेटपाशी वाकून सैल नसलेला बोल्ट आवळत बसले. बापू बॉनेटला टेकला. मी फडकं घेऊन फूटबोर्डावरची धूळ पुसत राहिलो.

बऱ्याच वेळानं आक्का मागून आली ती एका मेंढीचा कान धरून. सगळा कळप गेला तेव्हा ही तेवढी राहिली होती. म्हातारी, एका डोळ्यानं अधू, व्यापाऱ्यानं घेतलीच नव्हती. आक्कानं गाडीचं दार उघडलं आणि मेंढीला पुढं केलं. मेंढीनं फूटबोर्डाचा वास घेतला. पुढचे पाय वर ठेवले, थोडी थांबली आणि टुणकन आत चढली. मखमली सीटवर एक गिरकी घेतली आणि पाय पोटाशी घेऊन बसली.

बापूनं तोंड उघडलं. सुभेदारांनी त्याच्या पायावर पाय दिला.

"गाडी त्येंची हाय," आक्का म्हणाली. "म्हनून आदी ती."

मग तिनं बापूच्या खांद्याला धरलं, फूटबोर्डावर पाय ठेवला आणि आत जाऊन मेंढीच्या शेजारी बसली. पदर सारखा केला. काठी दोन पायांच्या मधे उभी धरली. बापू पुढं जाऊन बसला. त्यानं किल्ली लावली. गाडी सुरू झाल्यावर त्यानं मागं न बघताच विचारलं, "कुटं जायाचं, आक्का?"

"म्हसवडच्या अंगानं घे," आक्का म्हणाली. "आन् हिरवं दिसंल तितं थांबव."